पाण्याच्या वरच्या अंगाला

रस्त्यासाठी जेथे डोंगर उभा कापलेला असतो, तेथे आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मान वळवून पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. एस.टी.च्या खिडकीतून, आगगाडीच्या दारातून, आणि आता पंच्याहत्तरी उलटून गेल्यावर माझ्या मोटारसायकलीवर मागे बसून हेल्मेटच्या काचेआडून त्यांची ही पाहणी चालू असते. कापलेल्या त्या भिंतीत सर्वांत वर मातीचा थर असतो, कोठे वीतभर, कोठे कमरेएवढा. त्याखाली पिवळट मुरूम, मुरुमाखाली कच्चा दगड आणि तळाशी काळा पाषाण. गवताने झाकलेल्या माळावर दिवसभर हिंडूनही जे उमगत नाही, ते त्या उभ्या छेदात एका दृष्टिक्षेपात कळते. "वीतभरच आहे," किंवा "इथं हातभर निघेल," एवढेच ते म्हणतात, आणि वाऱ्याच्या झोतातूनही ते शब्द माझ्या कानापर्यंत येऊन पोहोचतात.

अण्णांचा जन्म इंदापूर तालुक्यातला, आणि त्या तालुक्यातल्या मातीची खोली मोजून पाहण्याचा परिपाठ फार जुना आहे. पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारने दख्खनच्या जमिनीवर बसवलेला सारा इतका जड झाला की रयतेने शेते पड टाकली, कित्येकांनी गावे सोडली. तेव्हा १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरापासूनच नवी मोजणी आणि नवी जमाबंदी सुरू केली आणि तीस वर्षांच्या मुदतीने सारा ठरवून दिला. त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीत शेताची प्रत मातीच्या रंगावरून आणि खोलीवरून लावत. खोली हातांत मोजायची, प्रत आण्यांत सांगायची, आणि सोळा आण्यांची जमीन सर्वांत उत्तम समजायची. त्याच्या कितीतरी आधी मलिक अंबराने आणि पुढे शिवकाळात अण्णाजी दत्तोने हा मुलूख मोजला होता. पाच हात आणि पाच मुठी लांबीची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. जमीन मोजायला माणसाचाच हात आणि माणसाचीच मूठ प्रमाण मानावी, या व्यवहारात मला एक प्रकारचा आदर दिसतो. साखळी आली, फीत आली, आता उपग्रहाकडून अंश-कला-विकला विचारून घेणारी यंत्रे आली. मोजणी अचूक झाली हे खरेच, परंतु मोजणाऱ्याचे शरीर त्या हिशेबातून नाहीसे झाले.

जमीन पाहायला जाण्याची कल्पना मूळची माझ्या मुलीची. तिला शहराचा कंटाळा आलेला नाही, आणि शेतीविषयी तिच्या मनात कोणतेही भाबडे चित्र नाही. पण आपल्या कुटुंबाच्या पायाखाली कोठेतरी आपली म्हणावी अशी थोडी माती असावी, असे तिला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. कायद्याने ती घेण्याचा अधिकार आम्हाला आहे तो केवळ अण्णांच्या नावामुळे. १९४८ च्या कूळकायद्यातील त्रेसष्टाव्या कलमाप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी लागते, आणि इंदापूरकडच्या वडिलोपार्जित रानाच्या सातबाऱ्यावर चुलत्यांच्या, पुतण्यांच्या, आत्यांच्या भाऊगर्दीत अण्णांचेही नाव अजून टिकून आहे. त्या रानात त्यांच्या वाट्याला येईल तेवढ्या जागेत बैलजोडी वळवताही येणार नाही; तथापि ते नाव तेथे असल्यामुळे पुण्यात नोकरी करून म्हातारा झालेला हा मनुष्य सरकारदरबारी शेतकरीच आहे. अण्णा मात्र स्वतःला कधीही शेतकरी म्हणवून घेत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून, सुकडी खाऊन दिवस काढल्यानंतर त्यांनी गाव सोडले, आणि जे काम आपण सोडून आलो त्याच्या नावाने मिरवू नये, असा त्यांचा बाणा आहे.

मुलीने भोरच्या पश्चिमेकडची एक जमीन हेरून ठेवली होती. भोरचे नाव निघताच अण्णा म्हणाले, "मग मी येतो." एरवी त्यांना कोठे चला म्हटले तर गुडघ्यांची सबब पुढे येते. मोटार भाड्याने करावी, असे आम्ही सुचवले, पण शेवटचा टप्पा बैलगाडीच्या वाटेचा आहे असे कळले, आणि शिवाय काचा लावून जमीन पाहायला जाणे अण्णांना पसंत नव्हते. तेव्हा माघ सरत आला असताना एका रविवारी भल्या पहाटे आम्ही दोन मोटारसायकलींवर निघालो. माझ्या मागे अण्णा, आणि मुलीच्या मागे तिची आई.

मोटारसायकलीवरून जाताना मनुष्य प्रदेशातून जातो, त्याच्या समोरून जात नाही. कात्रजचा जुना घाट चढताना थंडी गुडघ्यांतून वर चढत जाते. बोगदा ओलांडून शिवगंगेच्या खोऱ्यात उतरावे तो ओढ्याकाठचा गारवा अंगावर येतो, चार वळणांवर तो सरतो आणि तापू लागलेल्या खडकाची ऊब लागते, की पुन्हा एखाद्या उसाच्या फडाशेजारून ओलसर, गोडसर वास येतो. गुऱ्हाळाचा धूर, आंब्याचा मोहोर, कोठे शेणाने सारवलेले अंगण, कोठे डांबर; नाकाने ओळखता येणारा एक निराळाच नकाशा त्या वाटेवर पसरलेला असतो. बोलणे होत नाही. जे बोलायचे ते खांद्यावरच्या हाताने बोलायचे. अण्णांच्या हाताचा दाब किंचित वाढला म्हणजे हळू चालव, आणि दोन बोटांनी थोपटले म्हणजे थांब, हे मला न सांगता कळत गेले. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून ते मला शाळेत पोहोचवत, तेव्हा बहुधा माझेही असेच काही चालत असावे.

नसरापूर मागे पडले, उजव्या हाताला दूरवर राजगडाचा बालेकिल्ला दिसू लागला आणि डावीकडे पुरंदराचे धूसर खांदे. कापूरहोळला चहासाठी थांबलो. हे गाव धाराऊचे. बाळ संभाजीराजांना जिने आपले दूध पाजले, त्या गाडे घराण्यातील बाईचे. माझ्या पत्नीला ही हकीकत ठाऊक होती, आणि तिने ती मुलीला चहाच्या टपरीपुढे उभ्या उभ्या सांगितली. तेथून भोरचा फाटा लागतो. महामार्गाचा गोंगाट एकाएकी थांबतो, कडेला काही ठिकाणी जुने वड अजून उभे आहेत, आणि त्यांच्या सावल्यांतून जाताना डोळ्यांवर ऊन-सावलीचे पट्टे पडत राहतात. काटेसावर फुललेली होती, पांगारा फुललेला होता, आणि दोन्ही झाडांवर पान म्हणून नव्हते.

येथे अण्णांनी दोन बोटांनी खांदा थोपटला. त्यांना भाटघरचे धरण पाहायचे होते.

वाट थोडी वाकडी करून आम्ही धरणाकडे गेलो. वेळवंडी नदीवरचे हे दगडी धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकातही येथे एक धरण बांधलेले होते. भिंतीआडचा जलाशय शिवरायांचे सोबती येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो, आणि उन्हाळ्यात पाणी अगदी तळाला गेले म्हणजे त्यातून कांबरेश्वराचे प्राचीन मंदिर वर येते. ही सर्व माहिती मी अण्णांना देऊ लागलो, परंतु त्यांचे लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हते. ते त्या काळ्या चिरेबंदी भिंतीकडे, तिच्या कमानींकडे आणि पायथ्याशी वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "हेच ते."

त्या दोन शब्दांचा अर्थ समजण्यासाठी इंदापूर तालुक्याची ठेवण माहीत असावी लागते. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि नरसिंहपूरला दोहींचा संगम. नकाशात पाहणाऱ्याला वाटावे की हा तर दोन नद्यांच्या कुशीतला मुलूख. पण मधले माळ कोरडे. ब्रिटिश अमदानीत नीरेचा डावा कालवा निघाला आणि बारामती-इंदापुराकडे पाणी घेऊन आला; ते पाणी भाटघराला साठवलेले. कालव्याला उंचावरून सखलाकडेच जाता येते, म्हणून तो डोंगरउताराची समपातळी धरून, किंचित उतरत, वळणे घेत चालतो, आणि त्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजते, वरच्या अंगाची कोरडी राहते. आमचे रान कालव्याच्या वरच्या अंगाला. बांधाच्या एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला करपलेली ज्वारी, हे दृश्य अण्णांनी लहानपणापासून पाहिले. उन्हाळ्यात आवर्तन सुटले की त्यांच्या आई कालव्यावर धुणे घेऊन जात, आणि मुलांनी विचारले की हे पाणी येते कोठून, तर सांगत, "भाटघराहून." त्या मुलाच्या मनात भाटघर या नावाला काशी-रामेश्वराची योग्यता होती. सबंध आयुष्यात ते स्थळ पाहण्याचा योग आला नाही. पुण्यापासून अवघ्या दीड-दोन तासांच्या वाटेवर असूनही आला नाही, कारण जो संसार रेटत असतो त्याला वाकडी वाट करायला सवड मिळत नाही.

अण्णा भिंतीच्या सावलीत बराच वेळ उभे राहिले. पत्नीने त्यांना पाण्याची बाटली दिली ती त्यांनी हातातच धरून ठेवली. आम्हीही घाई केली नाही.

भोर गाव ओलांडले, पंतसचिवांचा वाडा मागे राहिला, आणि रस्ता हिरडस मावळात शिरला. खोरे पश्चिमेकडे निमुळते होत जाते आणि दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येत जातात. नीरा येथून वर, शिरगावच्या बाजूला उगम पावते. पावसाळ्यात या खोऱ्यात पाणी इतके कोसळते की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि तेच पाणी अडवून, साठवून पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांना पाठवण्यासाठी येथे देवघरला नीरेवरही धरण झालेले आहे. खाचरे कापून रिकामी झाली होती. एकाखाली एक उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्यांत भाताचे सड तेवढे उभे होते. खाचरांच्या वर नाचणी-वरईची वरकस जमीन, आणि तिच्या वर ऐन, हिरडा, करवंदीची जाळी.

ज्या गावी आम्ही गेलो त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण ज्या घराची ही जमीन त्या घराला आपल्या व्यवहाराची चर्चा नको असेल. घरातला कर्ता मुलगा फाट्यावर आम्हाला घ्यायला आला होता. त्याने पडवीत बसवून पाणी दिले, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद पुढे ठेवले: सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा. ही कागदपत्रे वाचण्यात माझे आयुष्य गेलेले नाही. तरीही जितके समजते तितक्यावरून सांगतो, की सातबाऱ्याइतका दाट मजकूर आपल्या वाङ्मयात थोडाच असेल. भोगवटादारांची नावे, प्रत्येकाच्या नावाशेजारी क्षेत्र आणि आकार, लागवडीस अयोग्य म्हणून निराळा दाखवलेला पोटखराबा, इतर हक्कांच्या रकान्यात कोण्या सोसायटीचा बोजा, मग तो बोजा फिटल्याची नोंद, आणि ज्यांचा हक्क संपला त्यांच्या नावांभोवती पडलेले कंस. मनुष्य मरतो, त्याच्या नावाला कंस पडतो, खाली वारसांची नावे चढतात. या घराच्या कागदावर मुलगे होते, सुना होत्या, नातवंडे होती आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या तीन लेकीही होत्या. पूर्वी असे नसे. लेकीचे नाव चढण्याआधीच तिच्याकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत होती. २००५ साली वारसा कायदा बदलला, आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. आता बहिणींच्या सह्यांशिवाय खरेदीखत पुरे होत नाही.

"दोघींच्या झाल्यात. धाकटीची ऱ्हायलीय," कर्ता मुलगा खाली पाहत म्हणाला.

आतून त्याची आई आली. उंच, सडसडीत, पाठीत किंचित वाकलेली बाई. वय अण्णांच्या आसपासचे असावे. ती उंबऱ्यावर टेकली आणि मुलाचे वाक्य तिने पुरे केले. "धाकटी म्हनती, पैसं नको मला. कागदावर तरी म्हायेर ऱ्हाऊ द्या."

माझ्या मुलीने हातातला सातबारा घडी करून पिशवीत परत ठेवला. पुढे कोणी कागदांचा विषय काढला नाही. आम्ही शेत पाहायला उठलो, आणि आजीबाईही काठी घेऊन आमच्याबरोबर निघाल्या. मुलगा नको म्हणत असता निघाल्या.

आपल्याकडे जमीन दाखवण्याची एक पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. मधला माणूस खरेदीदाराला एखाद्या उंचवट्यावर नेतो आणि हात लांब करून सांगतो, या आंब्यापासून त्या ओढ्यापर्यंत. खरेदीदाराची नजर आंबा आणि ओढा सोडून त्यांच्या पलीकडच्या डोंगरावर, जलाशयाच्या चकाकीवर जाते, आणि सौदा त्या चकाकीचा होतो. वाटेने येताना अशा सौद्यांच्या खुणा जागोजागी दिसल्या: तारेची कुंपणे, लोखंडी फाटके, खाचरे बुजवून केलेली हिरवळ, ओढ्याच्या पात्रात पुढे आलेली भिंत. ज्यांनी पैसे मोजून घेतले त्यांच्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही; पण भाताचे खाचर शेकडो वर्षांच्या हातांनी सपाट केलेले असते, दरवर्षी फुटलेली ताल दरवर्षी दगड लावून उभी केलेली असते, आणि ते एका दिवसात यंत्राने बुजवलेले पाहून मन खिन्न होते. जमीन पायांनी पाहावी, हद्दीवरून चालत पाहावी. आजीबाईंनी आम्हाला तशी दाखवली.

त्या पुढे, आम्ही मागे, एका ओळीत. बांधावरून चालताना प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते, त्यामुळे डोळे आपोआप जमिनीवर राहतात. गवतात बुडालेला हद्दीचा दगड त्यांनी काठीने उघडा करून दाखवला. हा उंबर कोणाच्या बांधावर आणि त्याची फळे कोण खाते, हा हिरडा कोणी राखला, येथून गुरे जाण्याची वहिवाट कोणाची, लग्नाची वरात कोठून जाते, मढे कोठून नेतात, हे सर्व त्यांनी चालता चालता सांगितले. नकाशात गटाभोवती एक रेघ असते. त्या रेघेच्या प्रत्येक कोपऱ्यावर कोणाचा तरी देणेकरी आणि कोणाचा तरी घेणेकरी उभा आहे, हे तासाभराच्या त्या फेरीत आम्हाला कळले. अण्णा मध्ये मध्ये वाकून माती उचलत होते. त्यांनी मूठभर तांबूस माती तळहातावर घेतली, बाटलीतले पाणी शिंपडून ती मळली, आणि दोन तळव्यांमध्ये तिची वात वळून पाहिली. वात बोटभर लांब झाली आणि तुटली. काळ्या रानाच्या मनुष्याला या मातीची पारख नसावी, पण हातांना काही तरी आठवत असणार. त्यांनी ती वात टाकून न देता हळूच बांधावर ठेवली.

खालून दुसऱ्या खाचरात आम्ही पोहोचलो आणि तेथे मी थबकलो. खाचराच्या एका कोपऱ्यात राब रचलेला होता. भाताच्या रोपांसाठी वाफा भाजण्याची ही जुनी रीत मावळात आणि कोकणात सर्वत्र आहे: तळाशी शेणाचा थर, त्यावर झाडांचे वाळलेले टहाळे, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर चाळल्यासारखी बारीक माती, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. तणाचे बी जळते, राख मातीत मिसळते, आणि मृगाच्या सरी आल्या की त्या काळ्या वाफ्यात भात पेरतात. येथे सगळे थर नीट लागलेले होते. कडा दाबून बसवलेल्या होत्या. पेटवायचे तेवढे बाकी होते. विकायला काढलेल्या जमिनीत कोणी तरी डोक्यावरून पाटी पाटी शेण आणून, रान तुडवून टहाळे आणून, येत्या पावसाची तयारी करून ठेवली होती.

आम्ही काही विचारले नाही. पण विचार आमच्या तोंडावर दिसला असावा. आजीबाई म्हणाल्या, "तुमी घेतली तर तुमी लावा. पर राब पायजेलच की. त्याच्याबिगर रोप कसं येनार?"

त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता आणि विनवणीही नव्हती. जमीन कोणाच्या नावावर जाते हा एक प्रश्न, आणि मृगापूर्वी राब भाजला पाहिजे हा दुसरा. पहिल्याची तड लागेपर्यंत दुसऱ्याने थांबावे, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. मालकीविषयी मी पुष्कळ वाचलेले आहे, आणि कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली तो १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आपल्या इतिहासातला थोर दिवस आहे असे मी मानतो. त्या कायद्यामागे जी न्यायबुद्धी होती तिचे मूळ मला त्या रचलेल्या राबात दिसले.

बांधाच्या एका ठिकाणी दगडांची एक फट मुद्दाम राखलेली होती. वरच्या खाचरातले जास्तीचे पाणी तेथून खालच्या खाचरात उतरावे यासाठी. आजीबाई तेथे थांबल्या आणि काठीने ती जागा दाखवत आमच्यातल्या सर्वांत वडील माणसाला, म्हणजे अण्णांना, म्हणाल्या, "पाव्हणं, ह्ये ध्यानात ठेवा. वरल्याचं पानी आमच्यातनं जातंय, आमचं खालच्याच्यात. आमी कंदी आडवलं न्हाई. तुमी बी आडवू नका."

अण्णा काही क्षण बोललेच नाहीत. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "हे पाणी पुढं कुठवर जातं, माहीत आहे का?"

"जातंय की धरनात," त्या म्हणाल्या.

"धरणातून पुढं?"

"पुढं तुमच्याकडं. आमची थोरली बहीन तिकडंच हाय, फलटनकडं. धरनात तिचं घर गेलं, रान गेलं, मंग सरकारनं तिकडं जिमीन दिली. ती म्हनती, हितं ऊस हाय, पर सावली न्हाई."

या उत्तराची अण्णांनी अपेक्षा केली नव्हती. ज्या पाण्याने आपल्या रानाला वळसा घातला त्या पाण्याविषयी आयुष्यभर त्यांच्या मनात एक अढी होती. वरच्या अंगाच्या लोकांकडे ते उदंड असणार, असे त्यांनी बालपणीच धरून टाकले होते. आणि येथे त्याच पाण्यासाठी घरदार सोडून खाली, त्यांच्या मुलखाकडे जावे लागलेल्या बाईची बहीण त्यांच्यासमोर उभी होती. दोघेही त्या फटीच्या दोन बाजूंना, काठीवर आणि गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि पावसाविषयी बोलू लागले. इकडचा पाऊस किती, तिकडचा किती. इकडे आवण कधी लागते, तिकडे हस्ताचा पाऊस चुकला तर ज्वारीचे काय होते. बहात्तर साली इकडे काय खाल्ले. आम्ही तिघे थोडे दूर जाऊन हिरड्याखाली बसलो.

पत्नीने शिदोरी सोडली. आमच्या घरात प्रत्येकाने ती जमीन निराळी पाहिली होती, हे जेवताना लक्षात आले. पत्नीने पाहिले ते हे की गावातल्या बायका विहिरीवरून दोन खेपा करताना चढ चढतात, आणि उन्हाळ्यात विहीर आटली तर तो चढ दुप्पट होईल. उद्या आपण येथे छप्पर उभारले तर पहिला घोट कोणाच्या विहिरीचा पिणार आहोत, हे आधी ठरवायला हवे, असे ती म्हणाली. मुलगी उताराकडे पाहत होती, आणि कोणत्या खाचराला हात लावायचा नाही हेच ती मोजत होती. सर्वच खाचरे त्या यादीत गेली. मग उरले काय, असे मी विचारले, तेव्हा तिने वरच्या वरकस तुकड्याकडे बोट दाखवले, जेथे एक खोली बांधता येईल आणि भात पूर्वीसारखाच होत राहील. तो कसायचा या घरानेच, आणि वाटा काय तो बोलून ठरवायचा. धाकटीचे नाव मात्र तिला राहून राहून आठवत होते. एका स्त्रीचे माहेर घेऊन आपण आपले गाव करणार, हे तिला जड जात होते, आणि या बाबतीत तिची समजूत घालावी असे मलाही वाटले नाही. मी स्वतः काय पाहिले, ते मला नीटसे सांगता येणार नाही. माझे लक्ष बहुतेक वेळ अण्णांच्या पाठीकडे होते.

परतताना कर्त्या मुलाने विचारले, मग मोजणीचा अर्ज करायचा का. भूमी अभिलेख कचेरीत पैसे भरून तारीख घ्यावी लागते, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, त्याला वेळ लागतो. त्याला निकड होती, आणि ती रास्त होती, कारण त्याच्या मुलाला भोरला कॉलेजात घालायचे होते. आम्ही काही बोलण्याआधी आजीबाईच म्हणाल्या, "आत्ता काय बघताय? आत्ता समदीच जिमीन चांगली दिसती. आखाडात या. पानी कुठनं येतंय, कुठं थांबतंय, ताल कुठं फुटती, समदं बघा, मंग काय ती बोली करा. तवर धाकटी बी येईल पंचमीच्या आधी."

मुलगा नाराज झाला असेल, पण तो आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. आषाढात यायचे ठरले. पावसात या वाटेवर मोटारसायकल चालणार नाही, याबद्दल माझे आणि मुलीचे एकमत झाले, आणि पत्नीने अण्णांच्या गुडघ्यांचा प्रश्न काढला. अण्णा म्हणाले, "मी एस.टी.ने येईन. तुम्ही या न या." त्यांनी चष्मा लावला, खिशातून छोटी वही काढली, आणि भोरहून या गावी येणाऱ्या गाडीची वेळ कर्त्या मुलाला विचारून लिहून घेतली. संध्याकाळची एक गाडी मुक्कामाला येते, पहाटे परत जाते. पुढचा प्रश्न त्यांनी आजीबाईंना विचारला, की आषाढात ओढ्याला पाणी आले तर गाडी गावापर्यंत येते, की अलीकडेच थांबते. त्यावर मायलेकांत वाद सुरू झाला. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे नवा पूल झाल्यापासून गाडी बंद राहिलेली नाही, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे मागच्या आषाढात मास्तर दोन दिवस पलीकडेच अडकले होते. आमच्या दोन्ही मोटारसायकली चालू होऊन उभ्या होत्या, आणि अण्णा वही उघडी धरून त्या दोघांचे एकमत होण्याची वाट पाहत होते.